कचऱ्याखालचं कॉलेज

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर नांदवद नावाचं गाव आहे. खेडं म्हणावं तर नगरपरिषद आहे, शहर म्हणावं तर भर चौकात म्हशी बसलेल्या असतात. या गावाच्या उगवतीला, डांबरी रस्ता सोडून थोडं आत, सुगंधाबाईचा मळा. मळ्यात वांगी, कपाशी, विहिरीच्या कडेला थोडी केळी आणि पत्र्याचं ऐसपैस घर.

सुगंधाबाईला गाव ओळखायचं ते तिच्या आवाजावरून. तिने विहिरीवरून हाक मारली की रस्त्यापलीकडचा माणूसही 'मला बोलावलं का?' म्हणून थांबायचा. हसणंही तसंच, मोकळं आणि दूरवर जाणारं. लग्नसराईत हळदीची गाणी म्हणायला तिला शिंदखेड्यापासून बोलावणी यायची. नवरा भाईदास अगदी उलट. घरात एकाने बोललं की पुरे, असं तो म्हणायचा, आणि तेही हळूच.

मुलगा नीलेश जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्यासाठी पाचोऱ्याकडची मुलगी सांगून आली. मुलीचं नाव मोनाली. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेली, बोलायला कमी, पण डोळ्यांत चटकन हसू येणारी. तिचे वडील वना आबा साधे शेतकरी. हुंडा-मानपानाचं कोणी काढलंच नाही. उठता उठता आबांनी एकच गोष्ट विचारली.

"पोरीला पुढे शिकायची फार हौस आहे. तुमच्या गावात काही सोय?"

सुगंधाबाईने त्यांना हाताला धरून बांधावर नेलं. बांधापलीकडे सपाट, मोकळी जागा होती. मध्ये बाभळी, आणि रस्त्याच्या कडेला निळी पाटी: शासकीय महाविद्यालयासाठी राखीव.

"हे बघा आबा. कॉलेज आमच्या बांधाला लागून होतंय. तुमची पोरगी घरातून अनवाणी निघाली तरी वर्गात वेळेवर पोचेल. हा माझा शब्द."

आबा खूश झाले. त्याच दिवशी साखरपुड्याची तारीख ठरली.

लग्न झालं आणि पाठोपाठ कोरोना आला. गावाच्या जुन्या कचरा डेपोचा रस्ता खचला होता, म्हणून नगरपरिषदेची घंटागाडी एक दिवस त्या मोकळ्या जागेत येऊन रिकामी झाली. चालवणारा भटू ओळखीचा होता. सुगंधाबाईने विचारलं तर म्हणाला, "अक्का, तात्पुरतं आहे."

तात्पुरतं हा शब्द एकदा सरकारदरबारी शिरला की त्याला म्हातारपण येत नाही. आधी बाभळी बुडाल्या, मग पाटीचे पाय बुडाले, मग पाटी. उन्हाळ्यात ढिगाला आपोआप आग लागायची आणि धूर थेट स्वयंपाकघरात. वारा सुटला की प्लास्टिकच्या पिशव्या उडून कपाशीच्या झाडांवर बसायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यंदा बोंडं भलतीच मोठी आलीत. गावातली माणसं चेष्टा करायची, "नाव सुगंधा आणि शेजार असा!" त्यावर ती म्हणायची, "मी आहे म्हणून एवढ्यावर निभावतंय रे बाबांनो. मी नसते तर काय झालं असतं, विचार करा."

मोनालीने मात्र कधी तोंडातून शब्द काढला नाही. धुळ्याला कॉलेज होतं, पण एसटीने जायचं-यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. तेवढ्यात मुलगी झाली. सगळे तिला बबडी म्हणायचे. बारावीची पुस्तकं मोनालीने कपाटाच्या वरच्या कप्प्यात नीट रचून ठेवली होती. दिवाळीच्या साफसफाईला ती खाली काढायची, फडक्याने पुसायची आणि परत वर ठेवायची.

बबडीच्या जावळाला वना आबा आले. जेवणं झाली, पानसुपारी झाली. आबा अंगणात खाटेवर टेकले आणि सहज म्हणाले, "विहीणबाई, कॉलेज कुठवर आलं?"

त्यात टोमणा नव्हता. आबांच्या अंगात टोमणे मारायची कलाच नव्हती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सुगंधाबाईने बांधाकडे हात केला. तिथे ढिगावर दोन गाढवं चरत होती आणि मागे धूर निघत होता.

"ते काय," ती म्हणाली, "खाली आहे."

सगळे हसले. आबाही हसले. मोनाली ताटं उचलत होती, तीही हसली. पण त्या हसण्यात तिने मान खाली घातली, ते सुगंधाबाईने पाहिलं. त्या रात्री पुरणपोळीचा घास सुगंधाबाईला गोड लागला नाही. शब्द दिला होता तो तिने. सरकारच्या पाटीच्या भरवशावर दिला होता, पण तोंड तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती नगरपरिषदेत गेली. मुख्याधिकारी भूषण देसले तरुण होते, बोलायला अदबशीर. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"अक्का, मला तो ढीग हलवायचाच आहे. दुसरी जागाही बघून ठेवली आहे. पण ती जमीन पडली शिक्षण खात्याची. त्यांनी ताबा मागितला, की साफ करून द्यायचा खर्च मला दाखवता येतो. ते मागतच नाहीत. मी कशाच्या आधारावर खर्च करू?"

"मग त्यांनी मागायला पाहिजे."

"बरोबर."

सुगंधाबाईला बरं वाटलं. गाठ सापडली, आता सोडवायची एवढंच. आठवड्याने ती मोनालीला बरोबर घेऊन एसटीने जळगावला गेली. शिक्षण खात्याच्या कचेरीत जिना चढून, चार दारं विचारून, दोघी प्रेमराज अहिरे नावाच्या अधिकाऱ्यांपुढे पोचल्या. अहिरे साहेब निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नांदवद ना? मंजुरी आहे हो तुमच्या कॉलेजला. कधीचीच आहे. पण कचऱ्याच्या ढिगाचा ताबा घेऊन मी काय करू? नगरपरिषदेने जागा मोकळी करून द्यावी, मी लगेच ताबा घेतो."

दोघी कचेरीबाहेर आल्या. सुगंधाबाई पायरीवरच बसली. मोनालीला वाटलं, सासूबाईंना चक्कर आली. बघते तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"काय झालं आई?"

"अगं, पंगतीत दोन व्याही असतात ना! हे म्हणतात आधी तुम्ही बसा, ते म्हणतात आधी तुम्ही. आणि आपण वाढपी, बादली घेऊन उभे!"

मग मोनालीलाही हसू आवरेना. दोघींनी स्टँडवर गरम भजी खाल्ली, आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मोनाली पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. तिला रसायनशास्त्र आवडायचं. दूध का नासतं, साबण का फेसाळतो, ढिगाला काडी न लावता आग का लागते, हे सगळं पुस्तकात आहे म्हणाली. सुगंधाबाई ऐकत राहिली. एवढी वर्षं एका घरात राहून सुनेच्या डोक्यात काय चालतं ते तिला आजच कळत होतं.

गावात बातमी पसरली तसे निंबा नाना मळ्यात आले. नाना माजी नगरसेवक. माणूस उत्साही, गणपतीपासून रक्तदानापर्यंत कुठलंही काम असो, नाना पुढे. ते म्हणाले, "अक्का, सरकारच्या नादी लागू नका. गांधी जयंतीला श्रमदान करू. अख्खं गाव उतरवतो. तुम्ही फक्त झाडू घेऊन पुढे उभ्या राहा. पेपरात फोटो येईल."

सुगंधाबाई वांगी तोडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मी नाही येणार नाना."

नाना गडबडले. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, सगळ्यांच्या आधी पदर खोचून उभी राहणारी बाई ही. "का हो? तुमच्याच बांधाला तर त्रास आहे."

"माझं अंगण मी झाडते. गल्लीत कोणाचं सांडलं तर तेही झाडते. पण गावाचा कचरा उचलणं हे काम ज्याचं आहे त्यानेच केलं पाहिजे. त्याच्यासाठी घरपट्टी भरतो आपण. आज आपण झाडू घेतला, की उद्या ते म्हणतील, लोक करतात ना, मग आम्ही कशाला? हाई काम सरकारनं शे, नाना. आपलं नही."

"आणि कॉलेजचं काय? ते सरकार कधी बांधणार? त्यापेक्षा जागा एखाद्या संस्थेला देऊन टाकू. वर्षात इमारत उभी राहील."

"आणि फी?"

तिने हातातलं वांगं टोपलीत टाकलं.

"संस्थेच्या कॉलेजात ज्याच्याकडे आहे त्याची पोरं जातील. तुमची जातील, कदाचित माझीही जातील. भटूच्या पोरीने काय करायचं? सरकारी म्हणजे बठ्ठास्नं. सगळ्यांचं. ते मला सोडायचं नाही."

नाना नाराज होऊन गेले. गावात बोलणं झालं. स्वतःच्या दारातली घाण काढायला येत नाही, बाईला फार माज, असं कोणी कोणी म्हणालं. हळदीकुंकवाला गेली तर दोघीतिघींनी तोंड फिरवलं. ते मात्र तिला लागलं. घरी येऊन ती भाईदासला म्हणाली, "माझं चुकतंय का हो?"

भाईदास शेंगा फोडत होता. हातातल्या मूठभर शेंगा त्याने फोडून संपवल्या. मग म्हणाला, "नाही." आणि तिच्या हातावर दाणे ठेवले. त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

श्रमदान जोरात झालं. पांढऱ्या टोप्या, नवे झाडू, डीजेवर देशभक्तीची गाणी. ट्रॉलीभर प्लास्टिक निघालं, फोटो निघाले, पोहे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भटूची घंटागाडी नेहमीच्या गाण्यासह आली आणि झाडून स्वच्छ केलेल्या तुकड्यावरच रिकामी झाली. त्याला बिचाऱ्याला दुसरीकडे जायला सांगितलंच नव्हतं कोणी. निंबा नाना मोटारसायकलवरून चालले होते. त्यांनी ते पाहिलं. थांबले, बघत राहिले, आणि गाडी वळवून थेट मळ्यात आले.

"अक्का," ते म्हणाले, "चहा टाका. आणि काय करायचं ते सांगा."

सुगंधाबाईने एवढंही म्हटलं नाही की मी आधीच सांगितलं होतं. तिने चहात आलं जास्त घातलं.

तिच्या मनात एकच होतं. दोन व्याही एकमेकांना आग्रह करत असतील, तर दोघांना एकाच पाटावर आणून बसवावं. थंडी पडली होती, वांगी भरावर आली होती. खानदेशात हे दिवस भरीत पार्टीचे. ती पिशवीभर हिरवीगार वांगी घेऊन पुन्हा जळगावला गेली. अहिरे साहेबांनी पिशवी बघूनच हात जोडले.

"नको अक्का. कचेरीत असं काही घेत नाही मी."

"मग वांगी इथे नको, तुम्हीच वांग्यांकडे या. रविवारी मळ्यात भरीत आहे. आणि मळ्याला लागूनच तुमच्या खात्याची जागा. मालकाने आपली जागा एकदा डोळ्यांनी तरी बघावी की नाही?"

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. इतक्या वर्षांत नांदवदची फाइल त्यांनी कितीदा हाताळली असेल, पण जागा पाहिली नव्हती. "पाहणीला येतो," ते म्हणाले. "जेवायचं ते नंतर बघू."

इकडे मुख्याधिकाऱ्यांना निंबा नानांनी बोलावलं. दोघांनाही दुसरा येणार आहे हे कोणी सांगितलं नाही. अगदी खरं सांगायचं तर विचारलंही नव्हतं त्यांनी.

रविवारी सकाळपासून मळ्यात गर्दी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला होता, त्यावर वांगी भाजत होती, सालं तडतडत होती. बायका भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत कुटत होत्या. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. भाईदास कोणाला न सांगता सगळ्यांना पाणी देत होता. आणि सुगंधाबाईचा आवाज रस्त्यापर्यंत, "या रे बठ्ठा जन! जेवाले या!"

अहिरे साहेब उतरले आणि आधी पाहणीच करू म्हणाले. बांधाकडे निघताना त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"रुमाल असू द्या खिशात," सुगंधाबाई म्हणाली. "आम्ही रोज त्याच्याशिवाय जेवतो."

साहेब ओशाळले. रुमाल खिशात गेला. ढिगाच्या कडेला एक तरुण माणूस आधीच उभा होता, प्लास्टिकमध्ये अडकलेला बूट सोडवत.

"आपण?" अहिरे साहेबांनी विचारलं.

"मी इथला मुख्याधिकारी, देसले."

"तुम्हीच का ते देसले! मी अहिरे."

"अहो, अहिरे साहेब तुम्ही!"

वर्षभर एकमेकांना पत्रं लिहिणारी ही दोन माणसं पहिल्यांदाच भेटत होती. दोघांनी हात मिळवले आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. त्याच क्षणी वारा फिरला. ढिगावरून एक लाल पिशवी उडाली, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि अहिरे साहेबांच्या खांद्यावर येऊन बसली. आसपासच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सुगंधाबाईने तेवढंही केलं नाही, ती खदखदून हसली.

जेवायला दोघांना शेजारी शेजारी बसवलं. पहिला घास खाल्ल्यावर अहिरे साहेबांनी पाहणीचा विषयच बाजूला ठेवला. खानदेशातला माणूस, भरितापुढे काय बोलणार. मग सुगंधाबाई समोर बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मी उपकार मागत नाही. कचरा उचलणं यांच्याकडचं काम, कॉलेज देणं तुमच्याकडचं काम. दोघंही भली माणसं आहात, हे मला आता कळलं. पण तुम्ही दोघं मिळून आमच्यासाठी एकच सरकार आहात. आम्हाला त्यात दोन खाती दिसत नाहीत."

जाळात एक काडी फुटली. मोनाली पुऱ्या वाढत होती. ती वाढता वाढता थांबली. परात तशीच हातात, आवाज जरा कापत होता तिचा.

"सर, मला बीएस्सी करायची आहे. गावात माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. येत्या जूनमध्ये आम्ही कुठल्या दारात उभं राहायचं, तेवढं सांगा."

देसले साहेबांनी अहिरे साहेबांकडे पाहिलं. अहिरे साहेबांनी पुरी ताटात ठेवली.

"सगळी जागा मोकळी होईपर्यंत थांबायचं, असं कुठे लिहिलंय का हो देसले?"

"नाही साहेब."

"मग जेवढी मोकळी कराल तेवढी मी घेतो. तुकड्या-तुकड्याने घेतो. उद्या सोमवार. दोघांनी मिळून पाहणी केली, असं आजच लिहून टाकू."

"आणि जूनसाठी," देसले म्हणाले, "नगरपरिषदेच्या जुन्या शाळेचा वरचा मजला रिकामा आहे. वर्ग तिथे सुरू करता येतील. ठराव मी मांडतो."

ठराव सभेत मांडला गेला तेव्हा निंबा नाना सभागृहाबाहेर बसून राहिले, आणि एकेका नगरसेवकाला आत जाताना 'पोरी बघतायत हं' म्हणून सांगत राहिले. ठराव मंजूर झाला.

सगळं काही झटक्यात झालं असं नाही. निविदा निघाली, एकदा रद्द झाली, परत निघाली. पण फेब्रुवारीत खरोखर यंत्रं आली. जुना कचरा चाळून वेगळा करणारी मोठी फिरती चाळणी होती ती, दोन खोल्यांएवढी. माती एका बाजूला, प्लास्टिक दुसऱ्या बाजूला, दगडविटा तिसऱ्या. गावाला जत्रेसारखं झालं. माणसं संध्याकाळी सहकुटुंब चाळणी बघायला यायची. चाळणीतून काय काय निघालं! क्रिकेटचे चेंडू, जोडीदार हरवलेल्या चपला, कोणाच्या लग्नातला स्टीलचा तांब्या, नानांच्या हरलेल्या निवडणुकीचा बॅनर. बॅनरवर नाना हात जोडून हसत होते, आणि बाहेर नाना कपाळावर हात मारून हसत होते. भटूची गाडी आता गावाबाहेरच्या नव्या प्रकल्पावर जाऊ लागली. ओल्या कचऱ्याचं तिथे खत होतं. भाईदासने त्यातलं थोडं आणून वांग्यांना घातलं, आणि फळ बघून गुपचूप आणखी आणलं.

जूनमध्ये जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर शासकीय महाविद्यालयाचा पहिला वर्ग भरला. आदल्या दिवशी सुगंधाबाईने सुनेसाठी जळगावहून पंजाबी ड्रेस आणवला होता. नीलेशने आणला, पण रंग तिने फोनवरून ठरवला. लग्न झालेल्या पोरीने साडीच नेसावी, असं शेजारच्या भिकुबाईने सुचवून पाहिलं. "रसायनाचे थेंब पडतात म्हणे कपड्यांवर," सुगंधाबाई म्हणाली. "साडी महाग पडेल." भिकुबाईला ते पटलं.

सकाळी वना आबा पाचोऱ्याहून पहिल्या गाडीने आले. आल्या आल्या पाणीही न पिता म्हणाले, "चला." मग सगळी वरात निघाली. पुढे मोनाली नवी बॅग घेऊन, मागे आबा, त्यांच्यामागे बबडीला कडेवर घेतलेला भाईदास, आणि सगळ्यांच्या बाजूने, रस्त्यात भेटेल त्याला सांगत चाललेली सुगंधाबाई, "मन्ही सून कॉलेजले जाई ऱ्हायनी!"

शाळेच्या दाराशी पोरींची ही गर्दी. भटूची मोठी मुलगी होती. दोन गावं पलीकडून सायकलवर आलेल्या होत्या. मोनालीसारख्या लेकुरवाळ्याही होत्या, एकमेकींकडे बघून लाजत होत्या. घंटा झाली, सगळ्या आत गेल्या, जिन्यावर पावलं वाजली. आबा खाली फाटकाशी उभे राहून वरच्या खिडक्यांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. सुगंधाबाई शेजारी उभी होती. दिलेला शब्द उशिरा का होईना पुरा झाला होता. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण आवाजच फुटेना. तिचाच आवाज, आणि फुटेना.

आता बांधापलीकडे कॉलेजची स्वतःची इमारत उभी राहते आहे. खालचा मजला झाला, वरच्याचं काम चालू आहे. मोनाली दुसऱ्या वर्षाला आहे. बबडी अंगणवाडीतून आली की आजीच्या मागे मागे वांग्यांत फिरते.

परवा संध्याकाळी मोनाली तोंड उतरवून घरी आली. भौतिकशास्त्राचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नव्हतं. तास रिकामा जात होता. सुगंधाबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "हे काम कोणाचं?"

"त्यांचंच," मोनाली म्हणाली. "उद्या सकाळची जळगाव गाडी घेऊ."

अहिरे साहेब केव्हाच निवृत्त झाले होते, त्यांच्या खुर्चीवर आता एक मॅडम होत्या. दुसऱ्या दिवशी बबडीसह कचेरीच्या दाराशी पोचल्यावर सुगंधाबाईने सवयीने पदर सारखा केला आणि आत पाऊल टाकायला निघाली. मोनालीने हळूच तिचा दंड धरला.

"आई, तुम्ही बसा. मी बोलते."

सुगंधाबाई बाहेरच्या बाकावर बबडीला मांडीवर घेऊन बसली. आतून सुनेचा आवाज येत होता. मोठा नव्हता, पण एकही शब्द अडखळत नव्हता. तास कधीपासून रिकामा आहे, किती पोरी आहेत, परीक्षा केव्हा आहे. मॅडम मध्येच काही म्हणाल्या. मोनालीने ते ऐकून घेतलं आणि परत बोलायला लागली. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने विचारलं, "आत कोण बोलतंय?"

"मन्ही सून," सुगंधाबाई म्हणाली, इतक्या मोठ्याने की आतलं बोलणं क्षणभर थांबलं, आणि मग कोणीतरी आत हसलं.

मोनाली बाहेर आली ती झपाझप पावलं टाकतच. "सोमवारपासून सर येतायत, आई."

"नाही आले तर?"

"तर मंगळवारी आपण येतोय, असं सांगून आले."

तिघी रस्त्यावर आल्या. ऊन चांगलंच चढलं होतं. बबडीला उसाचा रस हवा होता, मोनालीला पुस्तकांच्या दुकानात जायचं होतं, आणि सुगंधाबाईला स्टँडवरची गरम भजी आठवली होती. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं? तिघींनी एकदम तीन वेगवेगळी उत्तरं दिली.